डब्यात काय धाडलं

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका दुसऱ्यांच्या डब्यांत नाक खुपसणारा माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात झाला नसेल. वर त्याला याचाच पगार मिळतो! हैदराबादच्या प्रयोगशाळेत तो पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या गोळा करतो आणि त्यांत कुठली साखर, कुठली आम्लं भरली आहेत ते तपासतो. "दाजी, पेशी एकमेकींना डबे धाडतात. आत काय आलं ते बघा, धाडणारी सुखात आहे की आजारी, लगेच कळतं." हे वेड तो घरीही आणतो. शेजारून भाजीची वाटी आली की आधी हा चाखणार आणि जाहीर करणार, "मीठ दोनदा पडलंय. काकूंचं काकांशी बिनसलंय." संध्याकाळपर्यंत ते खरं निघतं, आणि गल्लीतून मान खाली घालून मला जावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात तो तुकईथडच्या शेतात रोगट केळींचा रस गोळा करत फिरला. मालकाने विचारलं, "साहेब, तुम्ही केळीचे डॉक्टर का?" "पोस्टमन समजा भाऊ. पण पार्सल फोडणारा!" ती झाडं मालकाने दुसऱ्याच दिवशी उपटली, म्हणजे तो रस पुन्हा मिळणार नव्हता. निघायच्या दिवशी गोठवलेल्या नळ्या कोरड्या बर्फात ठेवून त्याने थर्मोकोलचा डबा बंद केला आणि आंघोळीला गेला.

आमच्या घरून कुणाचा डबा दराब्याशिवाय जात नाही. बायकोने झाकण उघडलं. "अगंबाई, थंडीत एवढा बर्फ?" चिमट्याने ढेपा स्वयंपाकघरातल्या मोरीत टाकल्या आणि त्या जागी तूप-साखर फेटून केलेला दराबा दाबून भरला. मोरीतून पांढरा धूर उसळला तेव्हा म्हणाली, "बघा, खराबच होता!" झाकण मी धरलं होतं. मला शंका आली होती, पण दराब्याच्या वासाने ती विरघळली.

गाडीतून त्याचा फोन आला. "ताई, दराबा एकदम फर्स्टक्लास. नळ्यांचं मात्र सरबत झालं." ती रडायलाच लागली. "रडू नको ना. तुझ्या डब्यात काय होतं ते कळलं मला."

सगळं काम नव्याने करावं लागलं, म्हणून या दिवाळीला तो आला नाही. तोच डबा तेवढा कुरिअरने आला, हैदराबादी बिस्किटांनी गच्च भरून. मी एकेक चाखून बघतोय. वेळेवर जेवतो का, एकटा पडलाय का, मनातून रागावलाय का? मला काहीच कळत नाही. नुसती गोड लागतात.