तीन शब्दांचा पेपर

मी आयुष्यात एकदाच कॉपी पुरवली, ती माझ्या बाबांना. विसरण्याच्या आजारावर संशोधन करणारे नागपूरचे ते डॉक्टर प्रत्येक पेशंटला तेच तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, हे मला दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांकडून कळलं. बाबांचा आजार निघू नये म्हणून मी ते शब्द त्यांच्याकडून घोटून घेतले.

आत डॉक्टरांनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं. ते बोलायच्या आत बाबा म्हणाले, "संत्रं, कुलूप, बैल."

डॉक्टरांनी टोपण सावकाश लावलं. "काका, मी तं अजून सांगितलेच नाही."

"पोरानं शिकवले नं, डॉक्टरसाहेब."

न हसता त्यांनी तीन नवे शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही एकही आठवेना.

"पुढच्या महिन्यात दोघंही या," डॉक्टर म्हणाले. "अन् शिकवणी बंद."