पडद्यावरचं 'पोचलं'

हे आजवर कोणालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, अब्बाले नाई. अल्लाले माहीत असन, पण माह्या तोंडानं त्यालेही नाई. तुले सांगून राह्यलो — काऊन, ते नको विचारू.

वडशाले अब्बाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, अन् वरच्या खोलीत मी कंप्युटर क्लास घ्याचो. गावात कंप्युटरवाला मी एकटाच. काय भाव खाचो तेव्हा, बाप्पा! हिवाळा आला का वडशाले नाटक मंडळ्यांचे बुकिंग ऑफिस लागतात. गावोगावचे लोक येतात, आपल्या मंडईच्या दिवसासाठी नाटक ठरवून जातात. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. लेकी, जावई, सारे सोयरे घरी येतात. त्या दिवशी नाटक नाई झालं तं गावाचं नाक कापल्या जाते.

अशाच एका मंडळीच्या मालकानं मले बोलावलं. त्याचं एक ऑफिस वडशाले, दुसरं भाच्याकडं नागभीडले. इथल्या कंप्युटरवर विंडोज, तिथल्यावर मीच टाकून देल्ली फुकटची लिनक्स. एकीकडं तारीख लिहिली का फोनच्या तारेवरून दुसरीकडं आपोआप गेली पाहिजे, म्हणे. मी छाती फुगवली — एकच स्क्रिप्ट, म्हंजे छोटासा प्रोग्राम, लिहितो, दोन्ही मशीनवर चालन, मागच्या मागं, कोणाले दिसणार बी नाई.

नागभीडले चालली. वडशाले कधी चाले, कधी नाई. कोणी लॉग ऑफ केलं का गुपचूप मरून जाय. आता मागं चालणारी गोष्ट मेली, तं कळन कोणाले? अन् मालक सायंकाळी पाहाले येणार होता. मी हरलो म्हणाची हिंमत होती का माह्यात? नव्हती. मग मी — हेच ते — एक ओळ टाकली. तारीख लिहिली का पडद्यावर 'पोचलं' असं येईन. खरंच पोचलं का, ते न पाहता. मालकानं पाठ थोपटली. नंतर नीट करतो म्हटलं, अन् केलं नाई.

वडशाच्या ऑफिसात वामनभाऊ बसत. जवानीत मंडळीत राजाचा पार्ट करत. आवाज गेला तसं मालकानं बुकिंगवर बसवलं. 'पोचलं' वाचल्याबिगर ते गाववाल्याले उठू देत नव्हते. वाचलं का म्हणत, "आता पक्कं. माहा शब्द."

एकाच तारखेले दोन गावं निघाली; वडशाची नोंद नागभीडले पोचलीच नव्हती. मंडळी नागभीडनं ठरवलेल्या गावी गेली. दुसऱ्या गावात लोक स्टेज बांधून, जावयायले समोर बसवून, वाट पाहात राह्यले. सकाळी ट्रॅक्टरवर बसून ऑफिसात आले. वामनभाऊनं आमची तारीख विकली, म्हणत होते. भाऊ एकच सांगत होते — "मशीननं पोचलं म्हटलं नं बावा!"

मालकानं साऱ्यांसमोर मले विचारलं, "काऊन रे, मशीन खोटी बोलते?"

किती सोपं होतं, सांग? पण मी म्हटलं, "मशीन कायले खोटी बोलन? भाऊनंच उलटंसुलटं बटन दाबलं असन."

भाऊचं काम त्याच दिवशी गेलं. अन् मी? दुपारीच बसून सारं नीट केलं. लॉग ऑफ केलं तरी मरणार नाई असं, पोचल्यावरच 'पोचलं' म्हणन असं. मंग एकही तारीख चुकली नाई. लोक म्हणत, पाहा, म्हातारा गेला अन् मशीन सुधरली. माह्याच चांगल्या कामानं त्याची चोरी पक्की झाली. भाऊ नंतर कोणत्याच नाटकाले दिसले नाई.

मरणाच्या वर्षी ते क्लासमंधी आले. मी एकटाच होतो. भांडाले आले असते तं बरं झालं असतं.

"बाबू, लय इचार केला मी," म्हणाले. "माह्याच हातानं चुकलं असन. फक्त कोणतं बटन दाबल्या गेलं, तेवढं दाखव. जिवाले लागून राह्यलं."

मी कीबोर्ड त्यायच्यापुढं सरकवला अन् एका बटनावर बोट ठेवलं. त्यायनं बी हळूच ठेवून पाह्यलं.

"हेच का?"

हो म्हटलं मी.