खालच्या चौकटीतलं नाव

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बार्शीला आईला माहीत नाही. ऑफिसात तर कळण्याचा प्रश्नच नाही — कळलं असतं तर मी आज ज्या खुर्चीत बसते तिथे बसले नसते. सात वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही.

आणि आधीच सांगून ठेवते, खून-दरोडा काही नाही. मी एका ब्रँचला एक नाव दिलं. बस्स. हसलात ना? पहिली दोन वर्षं मीही असंच हसून स्वतःची समजूत काढली.

आमचं ऑफिस चेन्नईजवळ सिरुसेरीला. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम घ्यायचे, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालतील असे करायचे आणि नीट बांधून, पॅकेज करून पाठवायचे — हे आमच्या टीमचं काम. गिऱ्हाईक म्हणजे ओरगडमचा एक ट्रकचा कारखाना. तिथे लाइनवर प्रत्येक कामगारासमोर एक स्क्रीन असतो, कुठला नट किती आवळायचा ते त्यावर दिसतं. ते स्क्रीन आमच्या पॅकेजवर चालतात. आता एकाच प्रोग्रॅमच्या आमच्याकडे एका वेळी दहा प्रती असतात — एक बाहेरून आली तशीच ठेवलेली, एक कारखान्यासाठी सुधारलेली, एकीवर कुणीतरी प्रयोग करत बसलेलं. या प्रतींना आम्ही ब्रँच म्हणतो. कुठली प्रत कशासाठी, हे कळतं फक्त नावावरून. आणि नावं काय असायची माहितीये? 'न्यू'. 'न्यू-फायनल'. 'फायनल-खरंच'. एकाने तर स्वतःच्या मांजराचं नाव दिलं होतं. आनंदच सगळा!

हे सगळं सरळ करायचं डोक्यात घेतलं राव सरांनी. श्रीनिवास राव. तंजावूरकडचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडचेच, महाराष्ट्र उभ्या आयुष्यात एकदा पाहिलेला. पन्नाशीला टेकलेले, हट्टी, चष्म्यावरून बघणारे. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी तोंडावर हात धरून हसले होते — तामिळ हेल, मध्येच 'सरी मा', म्हणजे 'बरं गं', आणि 'विचारलं' म्हणायचं तिथे 'पुसलं'. ते म्हणाले, हस हस, आमची भाषा राजाच्या वेळची आहे, तुमची कालची. मी काय गप्प बसतेय! म्हटलं, म्हणूनच गंज चढलाय. तेव्हापासून आमचं जमलं.

चेन्नईत मी एकटी होते. रविवारी तांबरमला त्यांच्याकडे जेवायला जायचे. त्यांच्या बायकोला तिथे सगळे मामी म्हणायचे, म्हणून मीही मामी म्हणायला लागले. पहिल्याच रविवारी मामींनी पानात काय वाढलं तर डांगर! आई करते तेच — उडदाचं पीठ, फक्त ताकाऐवजी दही आणि वर मोहरीची फोडणी. ते लोक त्याला डांगर पचडी म्हणतात. बार्शी सोडून दीड वर्ष झालं होतं. मी पानावरच रडले. मामींनी आणखी वाढलं.

त्याच टेबलावर, जेवणं झाली की, आम्ही ब्रँचच्या नावांचा नियम बसवला. तीन-चार महिने भांडत होतो. नाव दोन भागांत हवं आणि मध्ये तिरकी रेघ — ही कल्पना माझी. पहिला भाग सांगेल प्रत कुणाची, दुसरा सांगेल कशासाठी. पहिल्या भागाला शब्द कुठले, यावर तर तीन रविवार गेले. शेवटी ठरलं: बाहेरून आलेल्या मूळ प्रतीला 'अपस्ट्रीम', तिला कुणी हात लावायचा नाही. प्रयोगाला 'ट्राय'. आणि जिच्यातून कारखान्याचं पॅकेज बनणार ती 'प्लांट'. पॅकेज बांधणारं मशीन नावच वाचणार — 'प्लांट' ने सुरू होणारी ब्रँच दिसली की माणसाला न विचारता पॅकेज बांधून पहाटे ओरगडमला पाठवणार. म्हणून राव सर म्हणायचे, हा शब्द लिहिताना हात धुऊन लिही.

नियमाचा कागद निघाला. सगळ्या टीमला गेला. मी तो उघडला, सर्रकन शेवटाला गेले — खाली एक चौकट होती आणि चौकटीत एकच नाव होतं. श्रीनिवास राव.

माझं नाव कुठेच नाही.

तुम्हाला सांगते, कानशिलं तापली माझी. तीन महिने ज्या टेबलावर मी डोकं फोडलं, तिथल्या माणसाने मला असं खड्यासारखं वगळावं? बाहेरच्याने केलं असतं तर मी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विसरले असते. पण यांनी? यांच्या घरी मी रडले होते. मला वाटलं, गोड बोलून, खाऊ घालून माझ्याकडून काढून घेतलं. हो, जेवणसुद्धा मी त्या हिशेबात धरलं. इतकी खाली उतरले मी.

विचारलं का त्यांना? नाही. समोरासमोर एक प्रश्न — दोन मिनिटांचं काम. एरवी माझं तोंड बंद नसतं, पण तिथे मी मूग गिळून बसले. रविवारी जाणं बंद केलं. त्यांनी दोनदा निरोप दिला, मामी पुसते, म्हणाले. मी म्हटलं, काम आहे. मनात म्हटलं, आता कशाला हवी आहे मी?

हा राग मी का सांगतेय? पुढचं सोपं जावं म्हणून. बघा, अजूनही वळसेच घालतेय.

एका गुरुवारी दुपारी मला एक प्रयोग करून बघायचा होता. दुसऱ्या मॉडेलच्या ट्रकचे आकडे घालून पॅकेज नीट बांधलं जातं की नाही, एवढंच. नियमाप्रमाणे नाव 'ट्राय' ने सुरू व्हायला हवं. पण 'ट्राय' वाल्या ब्रँच मशीन सगळ्यात शेवटी घेतं, रांगेत तास-दोन तास जातात. 'प्लांट' वाल्या लगेच. आणि मला साडेपाचची कंपनीची बस गाठायची होती. मी 'प्लांट' लिहिलं.

घाईत लिहिलं असं म्हणू? म्हणता येईल. पण बटण दाबताना माझ्या मनात काय होतं ते मला लख्ख आठवतंय. मनात होतं — त्यांचा नियम, त्यांनी सांभाळावा. गंमत वाटली मला. पाच मिनिटांत पॅकेज झालं, मी बघितलं, नंतर ब्रँच काढून टाकू म्हटलं, मैत्रिणीचा फोन आला, बस आली. मी गेले.

शुक्रवारी ऑफिसात पोचले तर सगळे उभे. ओरगडमला पहिल्या पाळीत स्क्रीनवर भलत्याच मॉडेलचे आकडे आले होते. कामगारांनी स्क्रीनवर दिसलं तसे चाकांचे नट आवळले. तपासणीवाल्या एका बाईला शंका आली म्हणून बरं. एकही ट्रक बाहेर पडला नाही, पण पूर्ण पाळी लाइन बंद आणि प्रत्येक चाक पुन्हा खोलून बघायचं. आणि मी पहिलं काम काय केलं असेल? ओरगडमला फोन? राव सरांना गाठलं? मी खुर्चीत बसले, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, आणि ती ब्रँच उडवून टाकली.

ब्रँच उडवली तरी ती कुणी पाठवली होती त्याची नोंद सर्व्हरवर राहते. ती नोंद उघडून वाचणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच होता — राव सर.

दुपारी मीटिंग झाली. मोठे साहेब, कारखान्याचे दोघे, आमची टीम. साहेबांनी नियमाचा कागद पडद्यावर लावला, सरळ शेवटाला गेले आणि चौकटीवर बोट ठेवलं. तेव्हा मी पहिल्यांदा ती चौकट पूर्ण वाचली. वर बारीक अक्षरात होतं: तक्रार आल्यास जबाबदार. इतके महिने मी त्यातलं फक्त नाव वाचलं होतं.

राव सरांना विचारलं, ही ब्रँच कुणी केली? त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो — मी फळ्यावर काही लिहिताना अडले की थांबायचे, तसे थांबले. किती वेळ? मला विचाराल तर खूप. साहेबांनी मग मलाच विचारलं, तुमचं काय मत? आणि मी — ऐका आता, हेच ते — मी म्हटलं, सर, नियमच जरा गोंधळात टाकणारा आहे, यात कुणाकडूनही चूक होऊ शकते.

माझा नियम. माझी तिरकी रेघ. कुणाकडूनही!

महिनाअखेर त्यांचा राजीनामा घेतला. एक्कावन्नाव्या वर्षी. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्या वयात सिरुसेरीत दुसरीकडे कोण घेतं? शेवटच्या दिवशी ते टेबल आवरत होते. मला टाळता आलं नाही. मी आपलं काहीतरी म्हटलं, सर, वाईट वाटतं वगैरे. ते खोक्यात पुस्तकं भरता भरता म्हणाले, "तुझं नाव का नाही घातलं, तू कधी पुसलं नाहीस."

त्यांनी आणखी एक पुस्तक खोक्यात ठेवलं.

"साहेबाला मान एकच पाहिजे होती, मा. धरायला. तू सत्तावीसची. मी म्हटलं, माझी घ्या."

मग चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, पण नुसताच हातात धरून बसले. डोळे लाल होते. "नोंद मी सकाळीच बघितली होती. मीटिंगमध्ये मी थांबलो, तू बोलशील म्हणून. मामीला मी अजून सांगितलं नाही कोणाची चूक ती. काय सांगू? ती अजून पुसते, अमृता का येत नाही."

खोकं उचलून ते निघाले. मी दार उघडून धरायलासुद्धा पुढे झाले नाही.

फसवलं गेल्याचा जो दाह मी महिनोन् महिने जपला होता, कुरवाळला होता — तो त्या माणसाच्या तोंडावर मी बघितला, आणि त्याचा खरा होता. माझा तर कशावरच उभा नव्हता. त्यानंतर जाऊन सांगायला काय झालं होतं? साहेबांची केबिन वीस पावलांवर. मी मोजली आहेत. त्या दिवशी गेले नाही, पुढच्या सोमवारी गेले नाही, आणि मग तर त्यांच्या जागेवर मलाच बसवलं. मग कसली जातेय!

मी नवा सोपा नियम केला, दोन भाग नाहीत, तिरकी रेघ नाही. वर्षभरात पुन्हा 'फायनल-खरंच' सुरू झालं. तेव्हा मी गुपचूप जुना कागद काढला आणि शब्दन् शब्द परत आणला. अपस्ट्रीम, ट्राय, प्लांट. आज तीन टीम तोच वापरतात. ओरगडमला सात वर्षांत पुन्हा तसं काही झालेलं नाही.

राव सर तांबरमकडेच कुठल्याशा कॉलेजात लॅब सांभाळतात असं ऐकलं. जाऊन बघितलं नाही. डांगर मी घरी करत नाही. नवऱ्याला आवडतं, त्याला सांगितलंय, मला पचत नाही.

काल टीममध्ये एक नवीन मुलगी आली, नागपूरची. हुशार आहे, पहिल्याच दिवशी नियमाचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचून आली. पहिल्या पानावर 'तयार करणारे' म्हणून माझं नाव आहे. शेवटची चौकटही आहे, मी ती काढलेली नाही. तक्रार आल्यास जबाबदार — तिथे मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, टीमचा सामायिक ईमेल घातलाय.

मुलगी म्हणाली, मॅडम, किती सुरेख विचार केलाय, हे सगळं तुम्ही एकटीने केलं?

मी हो म्हटलं.