फरशीवरचा कीबोर्ड

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत इंग्रजीची सगळीच्या सगळी अक्षरे रोज पायाखाली तुडवली जात होती. तुडवणारे पहिली-दुसरीतले होते आणि तसे करायला त्यांना शाळेच्या बाईंनीच सांगितले होते. त्या बाई म्हणजे मी.

(मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. स्टेशनवरच्या घोषणा ऐकत झोपायचे आणि ऐकतच उठायचे. साधी गोष्टसुद्धा मला अशीच सांगता येते, इलाज नाही.)

आमच्या शाळेला संगणक मिळाला आणि माझ्या वर्गात ठेवला गेला तेव्हा हेडमास्तर गुरुजींनी त्याच्यावर घरून आणलेला विणकामाचा रुमाल घातला आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. सगळं आलं, वीज तेवढी येईना. अकराच्या सुमाराला प्रार्थना संपली की ती जायची आणि शाळा सुटता सुटता परत यायची. पोरी त्या काळ्या पडद्यात बघून भांग नीट करायच्या. एवढाच काय तो त्याचा उपयोग.

हे केंद्रप्रमुखांच्या कानावर गेलं. ते आले, रुमाल उचलून बघितला आणि म्हणाले, "बाई, शनिवारी परत येतो. एका तरी पोरानं काही लिहून दाखवलं तर राहू द्या. नाहीतर टेम्पो आणतो. हायवेकडच्या शाळेत लाइट तरी असते."

ते गेले आणि वर्गातून आवाज आला, "बाई, न्हेत्याल व्हय त्यो?"

कुणाचं खेळणं काढून घेतल्यावर होतात तसे सगळ्यांचे चेहरे झाले होते. माझाही तसाच झाला असावा.

आमच्या वर्गात शहाबादी फरशी होती. मी खडू घेतला आणि एकेका फरशीवर एकेक अक्षर काढलं, अगदी कीबोर्डावर असतं त्याच क्रमानं. उजव्या कडेला खालच्या ओळीत जायचा एंटरसुद्धा काढला. मग मुलांना म्हटलं, मी शब्द सांगते, तुम्ही उड्या मारा. लंगडीत तरबेज असलेल्या पोरांना आणखी काय हवं!

गुरुजी दारात येऊन थबकले. "अहो बाई, विद्येला पाय लावायला शिकवता?"

"मग लिहायचं कशानं, गुरुजी? वीज कुठाय?"

गुरुजींनी बराच विचार केला. "मारू द्या उड्या. पण पाय लागला की पाया पडायचं."

झालं! एक उडी, एक नमस्कार. पुढची उडी, पुढचा नमस्कार. मध्येच भांडणं, "ए, तू एसच्या पाया न्हाई पडलास! बाई, ह्यो बघा, एसला तसाच सोडून गेला!"

शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे वीज होती. साहेबही होते आणि दारात टेम्पोही होता. साहेबांनी दुसरीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीकडे बोट केलं. "चल, तुझ्या गावाचं नाव लिही."

ती खुर्चीत बसली. पाय लोंबकळत होते. समोरचा कीबोर्ड तिनं खूप वेळ न्याहाळला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, ही लई जवळजवळ हायेत."

फरशीवर तिच्याएवढं भराभर कुणी लिहीत नव्हतं, पण ते सगळं पायांना ठाऊक होतं. बोटांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

साहेब ड्रायव्हरकडे वळले. "वायरी काढायला घ्या."

तेवढ्यात तिनं खुर्चीतून उडी टाकली. धावत फरशीकडे गेली, एनवर उडी, एनला नमस्कार. परत पळत खुर्चीवर, आणि त्याच जागेवर बोट. पडद्यावर एन उमटला.

"हे काय चाललंय, बाई?"

"लिहितेय, साहेब."

पुन्हा फरशी, एचला नमस्कार, पुन्हा खुर्ची. सगळा वर्ग ओरडत होता, "पळ, पळ, ए कडंला हाय!" ड्रायव्हरनं हातातली वायर केव्हाच सोडली होती. कोणत्या फरशीवर काय आहे ते बघायला साहेबसुद्धा पुढे सरकत सरकत पार खडूच्या अक्षरांत येऊन पोचले. पडद्यावर न्हावरे पूर्ण झालं तेव्हा गुरुजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

टेम्पो रिकामा गेला, हे इथेच सांगून टाकते, कारण नंतरचं सांगताना मला हसू आवरत नाही. गाव लिहून झालं तरी ती बया थांबेना. कुणी सांगितलेलं नसताना तिला आता खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहायचं होतं. ती धावत फरशीपाशी आली, करकचून थांबली, साहेबांच्या बुटांकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आवं साहेब, सरका की! एंटरवर उभं ऱ्हायलाय तुम्ही!"