शिडाचा पडदा
किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागले की मला आमच्या शाळेतला पहिला प्रोजेक्टर आठवतो. वर्गाची भिंत निळी, त्यावर चित्र नीट उमटेना, म्हणून एका मुलीची आई होडीचं जुनं शीड घेऊन आली. "बाई, लई पान्यातनं काढलंय, पन वास जात नाय," ती दारातच म्हणाली. मी ते फळ्यावर टांगलं. कोळीवाड्यामागच्या नव्या इमारतींतल्या मुलांनी नाकाला रुमाल लावले, तिच्या मुलीने मान खाली घातली. तास बघायला मागे बसलेल्या मुख्याध्यापिका उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलून शिडाला खेटून मांडली आणि तास संपेपर्यंत तिथेच बसून हृदयाची आकृती पाहिली. एकेक रुमाल खिशात गेला. शाळेतल्या तंत्रज्ञानावर मी आता ब्लॉग लिहिते. पडद्याच्या मापापासून सगळं सांगते, ती खुर्ची कुठे मांडायची एवढंच लिहिता येत नाही.