चेन मिळू नये म्हणून

मशीन पोत्यात घालून मी वाडीहून बसमध्ये बसले, तेव्हा मनात एकच घोकत होते: हिची चेन कुठेच मिळू नये.

झाडं कापायची ती जुनी मशीन माझ्या नवऱ्याची. मागच्या वर्षी एका पडलेल्या कडुलिंबावर चालवताना तिची चेन उतरली आणि यांच्या मांडीत घुसली. ते रक्त मी पाहिलंय, त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. जखम भरली, पाय चालू झाला, पण माणूस बसला तो बसलाच. "माहा हात चुकला," एवढंच म्हणायचे. अख्खा जन्म झाडं कापण्यात गेला आणि आता गोदामाच्या गेटावर खुर्ची टाकून बसायचे. तोंडानं हळहळायची मी, पण आतून सुटल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी धड घरी यायचे ना!

यंदा उन्हाळ्यात मोठं वादळ झालं. जिकडेतिकडे झाडं आडवी. जुन्या ठेकेदाराचा फोन आला. दोन दिवस हे गोदामावरच जात राहिले. मग म्हणाले, "तूच घेऊन जा वं मशीन. चेन भेटली तं भेटली. मले तिले हात लावावंसं नाही वाटत."

इतवारी बाजारातल्या पहिल्या दुकानदारानं विचारलं, "कोन्त्या कंपनीची?" नावाची पट्टी कधीच गळून पडलेली, रंग उडालेला. "माहीत नाही," मी जवळजवळ आनंदानंच सांगितलं. दुसरा हसला. "ताई, भंगारात द्या." त्याच्या तोंडात साखर पडो, असं वाटलं मला. तिथूनच परतले असते. पण 'सगळीकडे पाहिलं' असं यांच्या तोंडावर खोटं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तिसऱ्या दुकानात शिरले.

तिथल्या माणसानं नाव विचारलंच नाही. बाजूचं झाकण उघडलं, आतलं दात्यांचं चाक पाहिलं. मग चेन जिच्या खाचेतून फिरते ती लांब पट्टी काढून तिचं बूड फडक्यानं पुसलं. खाली मापाचे आकडे उमटलेले होते. "ही मशीन बनायची बंद झाली आता," तो म्हणाला, "पण चेन हाय माह्याजवळ."

पोत्यातली जुनी चेन त्यानं खाचेत बसवली आणि बोटानं हलवली. पोराचा पडायला आलेला दात हलावा तशी ती इकडून तिकडे हलली.

"हे कोनं चढवली होती? खाच रुंद, चेन बारीक. लांबी जमली म्हनून बसली, बाकी दुसऱ्याच मशीनची हाय. जोर पडला का उतरनारच. कोनाच्याबी हातातून उतरली असती."

ती चेन एका सोबत्यानं आपल्या मशीनची काढून दिली होती. यांची तुटली होती आणि काम अडलं होतं, म्हणून यांनी चढवली. नवी चेन दुकानदारानं खाचेत घातली. ती जागची हलली नाही.

परतताना बसमध्ये मांडीवर पोतं घेऊन मी हिशेब करत होते. 'नाही भेटली' म्हटलं की संपलं, नवरा गेटावर सुखरूप. खरं सांगितलं तर हे परत झाडावर. आणि नाही सांगितलं, तर हा माणूस मरेपर्यंत आपल्याच हाताला दोष देत बसणार. देवा, असल्या पेचात वैऱ्यालाही नको टाकू!

दारात पाय ठेवल्याबरोबर सांगून टाकलं. थांबले असते तर खोटंच बोलले असते.

त्यांनी जुनी चेन खाचेत ठेवून हलवली. परत परत हलवली. "म्हंजे माहा हात नोता चुकला?"

"नोता, जी."

दुपट्टा तोंडावर धरून ते ढसाढसा रडले. दवाखान्यातसुद्धा रडले नव्हते. मग डोळे पुसून नवी चेन चढवायला बसले. माझं बोलायचं ते बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं झाड आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पडलेला गुलमोहर. मी घरात कणीक मळत होते. मशीनचा आवाज सुरू झाला तसे माझे कान तिकडेच लागले. आवाज चालू असेपर्यंत तरी ठीक होतं. मध्येच तो बंद झाला आणि मी पिठाच्या हातांनी धावत सुटले.

हे खोडावर बसून पाणी पीत होते.

"काहून आली वं पयत?"

असा संताप आला मला! "बंद करता तं हाक मारत जा!" मी अख्ख्या गल्लीसमोर ओरडले. "काहीबी बोला, पन आवाज द्या!"

ते हसले नाहीत. माझ्या हातांकडे पाहिलं, मान हलवली. मी घरी परतले. थोड्या वेळानं मशीन परत थांबली.

"जिवंत आहो वं!" गल्लीच्या टोकावरून हाक आली.

सारी गल्ली हसली. मी मात्र तेव्हा कुठं कणकेत परत हात घातले.