न उलटलेलं पान

ती कादंबरी बोलपटात येणार, ही बातमी आमच्या आळीत मी आणायला हवी होती. पुस्तक माझं होतं. म्हणजे होतं वाचनालयाचं, ह्यांच्या नावावर आणलेलं. पण आळीतल्या बायकांना ते वाचून कोण दाखवत होतं? मी. तीन महिने, रोज दुपारी, तांबटांची ठोकठोक जेवणासाठी थांबली की त्या तासाभरात. राजकन्येचा आवाज मी काढायचा, जलराजाचा मी, आणि त्याच्या दारावरच्या बोलक्या कासवाचाही मीच. आणि बातमी आणली कुणी? तर समोर नव्याने राहायला आलेल्या पुणेकरणीनं!

तिचा नवरा नाशिक रोडच्या छापखान्यात नोकरीला. तिकडे बिऱ्हाड मिळेना म्हणून ही बया आमच्या आळीत. पुण्यात चांगले चार-पाच बोलपट पाहून आलेली, घरात सिनेमाची मासिकं, आणि नळावर जायची तीसुद्धा चपला घालून. राजकन्या कोण होणार, जलराजा कोण होणार, सगळं तिला ठाऊक. मी नाक मुरडलं, पण बघितलं कुणी?

झालं. बायकांना कादंबरीपेक्षा बोलपटाचंच वेड लागलं. नदीखालचं राज्य हे लोक दाखवणार तरी कसं? पाण्याखाली बोलताना तोंडातून बुडबुडे येतील की नाही? राजकन्येचं लुगडं ओलं दिसेल की कोरडं? एक म्हणाली, राजकन्या भावाला सोडवायला बुडी मारते ते आपलं रामकुंडच, तिथेच येऊन चित्र काढतील. दुसरी म्हणाली, छे, तिथं कधी निवांत असतं का? पुणेकरीण हसली. म्हणाली, "अहो, त्यासाठी हौद बांधतात." हौद! मी तीन महिने घसा कोरडा करून उभ्या केलेल्या राज्याचा तिनं एका वाक्यात हौद केला.

आम्ही बसायचो तो ओटा तांबटिणीचा. माझ्या सासूबाईंना घरात कादंबरी चालत नसे, म्हणून पुस्तकही तिच्याच कोनाड्यात राही. माझ्याच वयाची, माहेर कळवणकडचं, अक्षरओळख शून्य. पण ऐकावं तर तिनं. मी वाचताना बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघत, ही मात्र पुस्तकावरच्या माझ्या हाताकडे बघत बसे. मला वाटे, बिचारीला अक्षरांचं अप्रूप.

एका दुपारी मी पुस्तक उघडलं, तर ओट्यावर दोघीच. बाकीच्या समोर पुणेकरणीच्या दारात, मासिकातली चित्रं बघत. आणि त्यांच्यात तांबटीण! स्वतःचा ओटा सोडून! इतरांचं जाऊ द्या, ती गेली ते मला झोंबलं. चित्रं बघायला अक्षरं यावी लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिचा धाकटा भाऊ गिरणेच्या पुरात वाहून गेला होता. हे तिनं एकदाच, भांडी घासता घासता, मला एकटीला सांगितलं होतं. त्या दुपारी मला ते बरोब्बर आठवलं. मी आवाज चढवला, समोरच्या दारापर्यंत जाईल इतका, आणि पुस्तकात नसलेलं वाचायला लागले.

जलराजाला मी एक म्हातारी आई दिली. नदीत बुडालेल्या प्रत्येकाचा आवाज तिच्या केसांत अडकलेला. राजकन्या फणी घेऊन तिचे केस विंचरायला बसते. एकेक गुंता सुटतो आणि एकेक हाक ऐकू येते. शेवटच्या गुंत्यातून एक पोरगा बोलतो, "ताई, मी इथं आहे. मला थंडी नाही वाजत."

तांबटीण धावत आली. पदर तोंडाला लावून माझ्या पायाशी बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या, सगळ्या रडल्या. पुणेकरीण दारात एकटी मासिक घेऊन उभी. इतकं गोड मला आयुष्यात पुन्हा काही लागलं नाही.

पण पुढे तेच अंगाशी आलं. कारण आता बायकांच्या तोंडी एकच: ती फणी कशी दाखवतील? म्हातारीचे केस केवढे लांब असतील? पोराचा आवाज खरंच पोराचा असेल ना? माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कुणाच्या हाती पुस्तक लागू नये म्हणून मी वाचनालयातून मुदत वाढवून वाढवून घेत राहिले. तांबटीण मात्र त्या फणीबद्दल अवाक्षर काढत नसे.

शेवटी बोलपट नाशकात आला. बायकांसाठी दुपारचा खास खेळ होता, आळीच्या आळी गेली. मीही गेले, न जाऊन सांगते कुणाला? राजकन्येनं बुडी मारली, कासव बोललं, हौद हौदासारखा मुळीच दिसला नाही. राजकन्या झालेल्या मेलीचा आवाज माझ्यापेक्षा गोड होता, तेही सांगून टाकते. माझ्या मागे बायका कुजबुजत होत्या, "आता येईल हं म्हातारी." राजकन्या भावाला घेऊन वर आली, आरती झाली, दिवे लागले. म्हातारी कुठली यायला?

दुसऱ्या दिवशी ओट्यावर हलकल्लोळ. "गाळलं मेल्यांनी! सगळ्यात चांगलं तेच गाळलं!"

पुणेकरीण शांतपणे म्हणाली, "गाळायला आधी असायला हवं ना? आणा बघू पुस्तक. मला पान काढून दाखवा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तांबटीण उठली, "आणते" म्हणाली आणि आत गेली. तिला यायला वेळ लागला. आली ती पुस्तक मधोमध उघडूनच. आतली पानं फाडलेली, शिवणीशी नुसत्या चिंध्या.

"हितंच व्हतं ते," ती म्हणाली. "माझ्या पोरानं फाडलं. मला काय कळतंय, मी चुलीत घातली पानं."

पुणेकरणीचं तोंड बंद झालं. पण बाकीच्यांची उघडली. "अगं, सरस्वती चुलीत घातलीस? लाज नाही वाटली? आणि इतके दिवस गप्प?" एकीनं तिला पुस्तकापुढे डोकं टेकायला लावलं. तिनं टेकलं. कान धरायला लावले. तिनं धरले. दुसरी म्हणाली, इथून पुढे पुस्तक हिच्या घरात ठेवायचं नाही. हे सगळं होईस्तोवर मी शेजारी बसून होते, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

सकाळी नळावर आम्ही दोघीच होतो. तिनं ओच्यातून घडी घातलेली आठ पानं काढून माझ्या हातात दिली.

"जाळली नाय. खळ लावून चिकटवा."

"तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"त्या दुपारी तुम्ही पानच उलटलं नाय, वैनी. एवढं वाचलंत आन् हात जिथल्या तिथं."

ती कळशी नळाखाली सरकवत म्हणाली, "माझ्या भावासाठी रचलंत ना? मी तिकडं चित्रं बघत बसले व्हते, तरी माझ्यासाठी रचलंत. इतकं कोण करतं कुणाचं?"

कळशी भरून पाणी वाहायला लागलं होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो."